पोरगी तर जल्मलीया की

मागच्या आषाढातली गोष्ट. खानापुरात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. दवाखान्याच्या व्हरांड्यात छत्र्या निथळत असतात, आणि ओल्या घोंगडीचा नि आयांच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास दिवसभर तिथंच बसून राहतो. कणकुंबीकडच्या एका वाडीतून एक आजी, तिची सून आणि दीड वर्षाची नात असे तिघी आल्या. दोन बस बदलून आलेल्या, पदर पिळून काढावा इतक्या भिजलेल्या. पोरगी मात्र तीन पदरी लुगड्यात कोरडी ठेवलेली. मी तिचा श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजला. ५८ भरला. या वयाला मिनिटाला ४० च्या वर गेला की आम्ही सावध होतो. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. पाठीला उजवीकडे खाली आवाज कमी येतोय असं वाटलं, पण पोरगी आकांत करून रडत होती आणि रडणाऱ्या पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की निम्मं रडणंच ऐकू येतं. कोपऱ्यातलं मशीन ओढत मी सवयीनं बोलून गेले, "हिची जरा सोनोग्राफी करून घेऊ, आजी."

आजीनं झटकन पोरीच्या पोटावर हात ठेवला. झाकल्यासारखा.

"सोनोग्राफी? पोरगी तर जल्मलीया की!"

त्या वाक्यात ना राग होता, ना थट्टा. तिला खरोखरच कळलं नव्हतं की जन्मलेल्या पोरीची सोनोग्राफी कशाला करायची. मी घाईत होते. "छातीत कफ किती आहे ते बघायचंय," एवढंच म्हटलं आणि कामाला लागले. पोरीला आईच्या खांद्यावर तसंच राहू दिलं. पोर आईला बिलगलेलं असलं की पाठ आपोआप आपल्या पुढ्यात येते, तिला टेबलावर आडवं करण्याची गरज नसते. जेलीची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असतेच. खिडकीचा पडदा ओढला, प्रोब, म्हणजे मशीनला वायरनं जोडलेला, अंगावर फिरवायचा दांडा, पेनासारखा धरला, करंगळी तिच्या पाठीवर टेकवली आणि वरून खाली सरकत आले. वरती सगळं ठीक होतं. खाली उजवीकडे फुप्फुसाचा एक तुकडा यकृतासारखा भरीव दिसत होता, त्यात हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर पुढेमागे हलत होते, आणि त्याच्या कडेला पाण्याची बारीक काळी पट्टी. न्यूमोनिया. पाणी थोडं होतं आणि त्यात जाळी धरलेली नव्हती, म्हणजे बेळगावला सर्जनकडे पळायची वेळ आलेली नव्हती. तीन-चार मिनिटांत एवढं कळलं. मला हायसं वाटलं.

आजी पडद्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "ह्यात समदं दिसतंय काय, बाई?"

सून पाच महिन्यांची गरोदर होती. आजीची नजर पडद्यावरून सुनेकडे गेली, का मला तसं वाटलं, हे आजही मी सांगू शकत नाही. पण माझा आवाज एकदम कोरडा झाला. "समदं नाही दिसत. फक्त छाती," असं म्हणून मी पडदा माझ्याकडे वळवून घेतला. पोरीला दाखल केलं, सलाईन लावलं, इंजेक्शन सुरू केलं. रात्री झोपताना मात्र पोरीच्या फुप्फुसापेक्षा तो वळवलेला पडदाच डोळ्यांसमोर येत राहिला.

सोनोग्राफी हा शब्द आमच्या भागात कसा आला हे आठवलं म्हणजे आजीचा हात पोरीच्या पोटावर का गेला ते समजतं. तो शब्द एमआरआय किंवा एक्स-रेसारखा नुसता दवाखान्यातून आलेला नाही. तो कुजबुजीतून आला. कोण कुठं जाऊन आली, कितीला झालं, काय 'निघालं'. सीमाभागाला याची एक वेगळीच सोय होती: इकडचे तिकडे जात, तिकडचे इकडे येत, दोन राज्यं, दोन पोलीस ठाणी, मधे एक नाका. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, आणि आमच्या शेजारच्या, ऊस-दुधानं भरलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. ज्या घरांत पैसा खेळता होता तिथंच पाळणे रिकामे होते. २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तेव्हा कागवाड-अथणीकडच्या कितीतरी घरांत टीव्हीचा आवाज बारीक केला गेला असेल. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या बायका त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी कुणाची म्हैस व्याली तरी सांगणाऱ्या बायका.

गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४ चा, १ जानेवारी १९९६ पासून अमलात आलेला आणि २००३ पासून आणखी कडक झालेला. म्हणून माझं मशीन, जे फक्त पोरांच्या छातीला, टाळूला आणि पोटाला लागतं, तेही नोंदवावंच लागतं. ज्या यंत्रात गर्भ दिसू शकतो ते यंत्र कुणाच्या खोलीत आहे याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, आणि ते बरोबरच आहे. मशीन पोर्टेबल असलं, लॅपटॉपएवढं असलं, तरी फिरत्या वैद्यकीय वाहनाचा अपवाद सोडता ते नोंदलेल्या आवाराबाहेर काढता येत नाही. याचा अर्थ घाटाच्या तोंडाशी धाप लागलेलं पोर असेल तर मी मशीन घेऊन जाऊ शकत नाही, पोरानंच पावसातून दोन बस बदलून यायचं. अशा दिवसांत मला हा नियम जिवावर येतो. आणि तरीही तो एका अक्षरानं सैल करा असं कुणी माझी सही मागायला आलं तर मी करणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी-शेजारी नांदतात, त्यांचं पटत नाही. लिंगनिदान केलं जात नाही अशी पाटी भिंतीवर आहे, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. खाली मराठीतली मी स्वतः रंगवून घेतली. आमच्याकडे पाटी म्हटलं की माणसं हमरीतुमरीवर येतात. ही पाटी तिन्ही भाषांत असण्यावर मात्र आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

मी निपाणीची. आमच्या गल्लीत तंबाखूचा वास भिंतींना मुरलेला असायचा. पावसाळ्यात तो जास्तच उग्र यायचा. बायका सुपात पानं घेऊन विड्या वळत बसायच्या आणि त्यांच्या मांडीशेजारी तान्ही पोरं झोपलेली असायची, खोकत. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे डॉक्टर होते. ते पोराच्या पाठीवर डाव्या हाताचं मधलं बोट ठेवायचे आणि त्यावर उजव्या बोटानं टिचकी मारायचे. टक, टक, टक करत खाली यायचे आणि एका जागी आवाज बदलला की थांबायचे. मला ते अगदी ओळखीचं वाटायचं, कारण आजोळी आजी फणसाला तश्शीच टिचकी मारायची आणि रॉकेलच्या डब्यालाही. डबा कुठपर्यंत भरलाय ते तिला झाकण न उघडता कळायचं. पुढं मेडिकलला गेल्यावर वाचलं की ही टिचकी वैद्यकात आणणारा ऑस्ट्रियाचा औएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि १७६१ साली त्यानं ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. बाप पिंपांवर टकटक करून दारू कुठवर आहे ते बघायचा म्हणे. वाचताना मला त्या पिंपाऐवजी रॉकेलचा डबाच दिसला होता.

सोनोग्राफी तरी दुसरं काय आहे? ऐकू न येणारी टिचकी मारायची आणि परत येणारा आवाज पकडायचा. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो आणि जिथं पदार्थ बदलतो तिथून परततो. पण एमडी करताना आम्ही घोकलं होतं की फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही. हवेपाशी सगळा ध्वनी उलटा फिरतो, आत काही दिसत नाही. पुस्तकात तेवढंच होतं आणि आम्हीही पुढं काही विचारलं नाही. फ्रान्समधले डॅनियल लिश्टेनस्टाइन यांच्यासारखे अतिदक्षता विभागातले डॉक्टर मात्र त्या उलट फिरलेल्या ध्वनीकडेच बघत बसले. निरोगी फुप्फुस पडद्यावर आडव्या, समान अंतरावरच्या रेघा उमटवतं. त्यात पाणी भरू लागलं की वरून खालपर्यंत उभ्या रेघा सुटतात, धुक्यात बॅटरीचा झोत सोडावा तशा. ज्याला सगळे कचरा म्हणत होते त्यातून त्यांनी वाचायला शिकवलं. त्यांची श्वास लागलेल्या रुग्णासाठीची पद्धत २००८ साली प्रसिद्ध झाली. माझ्यापर्यंत ती पोचायला आणखी दहा वर्षं जावी लागली.

बेळगावात बालरोगतज्ज्ञांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती, तिथं मी पहिल्यांदा प्रोब हातात धरला. वय वर्षं सेहेचाळीस. वीस-बावीस वर्षं ज्या हातांनी पोरं तपासली त्या हातांना पुन्हा बाराखडी गिरवायला लावायची होती. सरावासाठी जिलेटिन आणि इसबगोल एकत्र शिजवून डब्यात थापलेलं, त्यात द्राक्षं पुरलेली. इसबगोल का, तर नुसतं जिलेटिन पडद्यावर काळं-काळं दिसतं, इसबगोलाच्या कणांनी ते मांसासारखं करडं दिसायला लागतं. आधी द्राक्ष शोधायचं. मग त्याच्या मधोमध सुई न्यायची. हाताच्या चारच हालचाली: सरकवणं, झुकवणं, डोलवणं, फिरवणं. एका वेळी एकच करायची. ऐकायला काहीच नाही, पण मी एक करायला जायचे आणि चारही व्हायच्या, आणि द्राक्ष हरवायचं. शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. तिनं माझ्या मनगटावर हलकेच बोट ठेवून म्हटलं, "मॅडम, दाबू नका. तुम्ही बघताय, पकडत नाही आहात." हे वाक्य मी आजही स्वतःशी म्हणते.

दुसऱ्या दिवशी छाती. दोन बरगड्या आणि मधली चकाकती रेघ मिळून पंख पसरलेल्या वटवाघळासारखा आकार होतो; आधी वाघूळ शोधा, मग बाकीचं, असं शिकवतात. ती चकाकती रेघ म्हणजे फुप्फुसाचं आणि छातीचं अस्तर, श्वासागणिक एकमेकांवरून घसरणारी. तळ्याच्या काठाला उन्हात पाणी लुकलुकतं तशी ती लुकलुकते. पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटलं. वीस वर्षं मी जे कानांनी ऐकून कल्पलं होतं, ते समोर हलत होतं. पोरांची छाती तर या कामासाठीच घडवल्यासारखी असते: कातडीखाली चरबी थोडी, बरगड्या अजून कोवळ्या, कूर्चेच्या. टाळू भरलेली नसते म्हणून तिच्या खिडकीतून नवजात बाळाचा मेंदूसुद्धा दिसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मेंदूत रक्तस्राव झालाय का, हे त्याला काचेच्या पेटीतून न हलवता कळतं.

पण दिसायला लागणं आणि कळायला लागणं यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात मी एकदा पडले. कार्यशाळेनंतर महिना-दीड महिन्यात चार महिन्यांचं एक बाळ आलं, सर्दी, थोडा ताप. नवा हुरूप होता. मी प्रोब लावला. छातीच्या वरच्या भागात, समोर, उरोस्थीच्या लगत, मला भरीव तुकडा दिसला. न्यूमोनिया, मी ठरवून टाकलं. दोन दिवस शिरेतून इंजेक्शनं दिली. बाळाच्या इवल्या हातावर सुईसाठी दोनदा टोचावं लागलं, आई दाराबाहेर उभी राहून ओठ चावत होती. तिसऱ्या दिवशी साठवलेली चित्रफीत, नाव-गाव काढून, शिकवणाऱ्या त्याच मुलीला दाखवली. ती क्षणभर थांबून म्हणाली, "मॅडम, हा थायमस आहे." प्रत्येक तान्ह्या बाळाच्या छातीत असणारी, वाढत्या वयाबरोबर लहान होत जाणारी ग्रंथी. कडा गुळगुळीत, आत बारीक ठिपके, पण त्यांत श्वासाबरोबर सरकणारी हवा नाही. हे सगळं चित्रफितीत होतं. मी ते बघितलं होतं. ओळखलं नव्हतं, कारण थायमस असलेली निरोगी पोरं मी पुरेशी बघितलीच नव्हती. मी त्या आईला बोलावून खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाळाला घेऊन गेली. पुन्हा माझ्याकडे आली नाही. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी बरी पोरं बघते. लस टोचायला आलेली, नाळ बघायला आणलेली, भावंडाबरोबर नुसतीच आलेली. आईला विचारून, दोन मिनिटं. एकेका बाजूच्या सहा जागा: समोर, कुशीला, पाठीला, वर आणि खाली. आपत्कालीन वैद्यकात एकेका तपासणीसाठी पंचवीस ते पन्नास वेळा देखरेखीखाली हात फिरवावा असं सांगतात. माझ्या वहीत दोनशे निरोगी छात्या भरल्या तेव्हा कुठं माझा माझ्यावर विश्वास बसला. आता महिन्यातल्या एका रविवारी चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगलकडचे चार-पाच तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात. मशीन जिथं नोंदलंय तिथंच, त्याच खोलीत. त्यांचे हात माझ्यापेक्षा फार पटकन वळतात. मोबाइलवर वाढलेले हात आहेत. त्यांना मी रोगाची चित्रं मुळीच दाखवत नाही पहिल्या दोन रविवारी. ते कंटाळतात, तोंडावर बोलत नाहीत. कंटाळू देत.

आणि त्या आजीनंतर एक गोष्ट मी प्रोबच्याही आधी शिकवायला लागले आहे: पोराच्या माणसांना काय म्हणायचं. सोनोग्राफी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. निदान पहिला शब्द तो नको. मराठी घर असेल तर "छातीतला दम बघूया" म्हणायचं. कन्नड असेल तर "उसिरु नोडोण, अव्वा". मग जेली आपल्या हातावर लावून दाखवायची, मग आईच्या, मग पोराच्या. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, पण आहे ती सोनोग्राफीच ना? लपवायचं कशाला?" प्रश्न खरा होता. लपवायचं नाहीच, पाटी भिंतीवर आहे, कुणी विचारलं तर नाव सांगायचंच. पण शब्दाला ज्या घरात जखम झाली आहे त्या घरात तो शब्द दाराशी थांबवून आधी माणसानं आत जावं, असं मला वाटतं. त्याला पटलं का, माहीत नाही. पुढच्या पोराला मात्र तो "दम बघूया" म्हणाला.

ती पोरगी पाचव्या दिवशी खोलीभर धावत होती. श्वास ३२. घरी सोडण्याआधी एकदा बघावं म्हणून मी मशीन ओढलं. या वेळी मी काही म्हणायच्या आत आजीच म्हणाली, "दम बघताय न्हवं?" रात्रीच्या नर्सनं तिला काय नि कसं सांगितलं होतं कोण जाणे. मी पडदा वळवला, तिच्याकडे. पोरीनं जेलीत बोट घातलं आणि ते आजीच्या लुगड्याला पुसलं. पाठीला उजवीकडे खाली भरीव भाग आक्रसून बोटाच्या पेराएवढा उरला होता, पाणी नव्हतं. मी आजीला ते दाखवलं. मग वरची रेघ दाखवली, "हे हलतंय ना, तो हिचा श्वास."

"हलूलालंय," आजी म्हणाली. तिनं आपला तळहात पोरीच्या पाठीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. बराच वेळ हातानं एक आणि डोळ्यांनी एक असं काहीतरी ती जुळवत होती. सून भिंतीला टेकून उभी होती, पोटावर हात, तिच्याकडे आजीनं एकदाही बघितलं नाही. मीच दोनदा बघितलं.

"हिकडची बाजू दाखवा की."

डावीकडे काहीच नव्हतं. आडव्या रेघा आणि लुकलुकणारी ती एक. मी प्रोब उचलायला गेले. बाहेर अजून सात-आठ पोरं होती, पावसाचा जोर वाढला होता. "झालं आजी, सगळं छान आहे."

"थांबा की जरा," आजी म्हणाली. "बघू द्या."

मी हात तिथंच ठेवला.